तिसरी काच

दादा, तू गेल्यापासून घरात सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात आणि ते ऐकून माझा जीव गुदमरतो. देवमाणूस होता, कुणाला दुखवलं नाही, कधी कुणाला उलटून बोलला नाही. अरे, कुणाबद्दल बोलतात हे लोक? तू हेकट होतास. एकदा एक गोष्ट मनानं घेतली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाहीस. बाबांशी तू कित्येक वर्षं सरळ तोंडानं बोलला नाहीस, ते तुझ्याशी बोलले नाहीत, आणि तुम्हा बापलेकांचे निरोप इकडून तिकडे नेऊन माझी जीभ झिजली. तेरवीच्या पंगतीत ही गोष्ट कुणी काढली नाही. म्हणून मी काढते. हे सगळं माझ्या नाकावरून झालं, तेव्हा मला तेवढा हक्क आहे.

नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडनेरला आपला मळा, कांदा, वांगी, मिरची आणि वर थोडी ज्वारी. तू नागपूरहून डॉक्टर होऊन नांदुऱ्याला दवाखाना टाकला होतास. मी लग्नाची, आणि माझं नाक असं. सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू. दुपारपर्यंत नळ सुटलेला, संध्याकाळी दोन्ही बाजूंनी बंद. रात्रभर तोंडानं श्वास घ्यायचा आणि सकाळी घसा कोरडा घेऊन पुन्हा शिंकायचं. लुगड्याच्या पदराला कायम ओल. मैत्रिणी मला 'झरा' म्हणत आणि मी हसण्यावारी नेत असे, पण मला ते लागायचं.

मलकापूरकडचे पाहुणे मला पाहायला आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन ओसरीवर गेले आणि शिंकायला लागले ते थांबेचना. मुलाच्या काकानं कप उचललाच नाही. नंतर निरोप आला की पोरीले काहीतरी रोग हाये, तो पयले दुरुस्त करा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला अकोल्याला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी चेहऱ्याचा फोटो काढला, उजेडासमोर धरून आम्हाला दाखवला आणि गालामागच्या पोकळीत ढग असल्यासारखं बोटानं दाखवलं. ऑपरेशन करायचं ठरलं. वरचा ओठ उचलून आतून कापायचं, गालाच्या हाडाला भोक पाडायचं आणि आतलं सगळं खरवडून काढायचं. बाबांनी तिथल्या तिथे शब्द दिला. अकोल्याचे डॉक्टर वाईट नव्हते रे, प्रेमानं बोलले, मला नाव विचारलं.

आणि दादा, मला ते ऑपरेशन हवं होतं. तू हे कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. मला भीती वाटत होती, पण त्या नाकाचा इतका कंटाळा आला होता की कुणी सगळं नाकच काढून दिलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. कापा आणि मोकळं करा, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्या रविवारी तू घरी आलास आणि सगळं ऐकून तुझा चेहरा उतरला. बाबांना तू म्हणालास, "फोटोत ढग दिसते, बाबा. ढग कायचा हाये ते नाही दिसत. आतून सूज आली तरी ढग दिसते अन् पू साचला तरी ढग दिसते."

"मंग ते डॉक्टर येडे हायेत?"

"येडे नाहीत. पण नाकातून जे येऊन राह्यलं, ते कोणी पाह्यलं नाही. कापाच्या आंधी ते पाहू द्या मले."

मग तू मला समजावलंस. नाकातून वाहतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक पेशी असतात. पू झाला असेल तर एका जातीच्या पेशींची गर्दी होते. नाकाला एखादी गोष्ट सोसत नसेल आणि त्यानं ते चिडलं असेल, तर दुसऱ्या जातीच्या पेशी येतात. त्या दुसऱ्या दिसल्या तर हाड फोडून उपयोग नाही, नाक पुन्हा चिडणारच. नाकातलं बोटभर पुसून काचेवर घ्यायचं, वाळवायचं, वरून रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. आपल्या घरात त्याला दुर्बीणच म्हणत. बाबा म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड." पण नाही म्हणाले नाहीत. ऑपरेशनला पंधरवडा होता.

पहिली काच घ्यायला मी मायसोबत नांदुऱ्याला आले. तू तारेला कापूस गुंडाळून माझ्या नाकात फिरवलास, मी डोळे मिटून घेतले. काचेवर पुसलंस, जांभळा रंग ओतलास, धुतलंस, खिडकीशी बसून पाहिलंस. पुष्कळ वेळ पाहिलंस. मग म्हणालास, "याच्यात तं काहीच नाही. निस्ते तेलाचे थेंब." आणि मायकडे वळलास. "माय, तू काय केलं?"

मायनं काय केलं होतं? तेच, जे आपल्याकडची कुठलीही माय करेल. पोरीचं नाक डॉक्टरला दाखवायचं म्हणून पहाटे उठून मिठाच्या कोमट पाण्यानं माझं नाक तीनदा धुवून काढलं होतं आणि वर जवसाच्या तेलाचे थेंब सोडले होते. तू पोटचा पोरगा, पण त्या दिवशी तिच्या लेखी तू डॉक्टर होतास. "शेंबडं नाक घेऊन कशी आणू दवाखान्यात? लोक काय म्हन्तीन?" असं ती म्हणाली आणि तू कपाळावर हात मारून घेतलास. मला हसू आलं. तुला नाही आलं. तुझ्याकडे दिवस थोडे होते आणि त्यातला एक मायच्या स्वच्छतेत गेला.

दुसरी काच तू घरी येऊन घेतलीस, मायला बजावून ठेवून. पण मधल्या काळात घरात पडशाची साथ आली आणि मलाही चांगलंच पडसं झालं, ताप, घट्ट पिवळं. तू काच घेऊन गेलास आणि दोन दिवसांनी आलास तो पायातल्या वहाणा न काढताच ओसरीवर बसलास. बाबांनी विचारलं. तू खोटं बोलला नाहीस, हे मी आजही तुझ्या बाजूनं सांगते. तू म्हणालास, "पूच दिसून राह्यला. सगळा पूच हाये."

"झालं मंग," बाबा म्हणाले. "तुह्या काचेनंच सांगतलं. आता काय राह्यलं?"

"बाबा, तिले पडसं झालं हाये. पडशात हेच दिसते. पडशाखाली दुसरं काही लपलं असंन तं ते नाही दिसत. थोडं थांबा."

"तुले पायजे ते दिसेलोग थांबाचं का आमी?"

मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि माझ्या मनानं बाबांची बाजू घेतली होती. मला वाटलं, हा पोरगा आपल्या दुर्बिणीचं खरं करण्यासाठी माझं नाक वापरतो आहे. हे मी तुला तेव्हाच तोंडावर म्हटलं होतं, आठवतं? तुझे कान लाल झाले होते. खालमानेनं तू उठलास आणि एस.टी. पकडायला निघालास.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू पुन्हा आलास. मांडीवर दुर्बिणीची लाकडी पेटी घेऊन, एस.टी.त सगळ्या वाटेनं तिला हातांनी धरून. पडसं उतरलं होतं. तू मला विचारलंस, तुला जास्त शिंका कुठे येतात? मी म्हटलं, सगळीकडेच. तू घरभर फिरलास. माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून बैलांच्या कुटाराची खोली, ज्वारीचा आणि तुरीचा भुसा छतापर्यंत भरलेला, हे तू लहानपणापासून पाहत होतास, पण त्या दिवशी तू तिथे थांबलास. मग मला म्हणालास, "कुसुम, आज बैलाईचं कुटार तू काढ."

माय मधे पडली. उद्या पोरीचं ऑपरेशन आणि आज तिला कुटारात घालतोस? तू ऐकलं नाहीस. मी डोक्याला फडकं बांधून आत गेले, टोपली भरली, दुसरी भरली. तिसरीला माझे डोळे सुजून मिटायला आले. शिंका अशा की पोटात कळ यायला लागली. तू दारात उभा होतास आणि तुला रडू येत होतं हे मला दिसलं, पण तू मला बाहेर ये म्हणाला नाहीस. तेव्हा मला तुझा मनापासून राग आला. आज त्याच क्षणाची आठवण काढून मला तुझी सगळ्यात जास्त माया येते.

सकाळी तू तिसरी काच घेतलीस. बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. माझी पिशवी भरलेली. एस.टी. सकाळचीच, ती चुकली की अकोल्याची वेळ चुकणार आणि वेळ चुकली की शब्द गेला. ओसरीवर अजून ऊन आलं नव्हतं. दुर्बिणीला खाली आरसा असतो, त्याला उजेड लागतो. तू टेबल उचलून अंगणात नेलंस, ज्वारीच्या कडब्याच्या गंजीपलीकडे ऊन पडलं होतं तिथे. माय कोंबड्यांना हाकत राहिली. रंग वाळेना. तू काचेवर फुंकर घालायला गेलास आणि मध्येच थांबलास, तुझाच थुंका उडेल म्हणून. बाबा दारात उभे राहून बघत होते. मला त्या सगळ्या अंगणात श्वासाचा आवाज येत होता तो फक्त माझाच, तोंडानं घेतलेला.

तू डोळा लावलास. काच इकडे सरकवलीस, तिकडे सरकवलीस. मग डोळा न काढताच म्हणालास, "हायेत."

"काय हायेत?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या जातीच्या. भरपूर हायेत. हे पूचं नाक नाही, बाबा. हे न सोसणारं नाक हाये."

"पक्कं हाये का?"

इथे तू हो म्हणायला हवं होतंस. कुठल्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं. तू म्हणालास, "पक्कं असं नाही सांगू शकत. पयली काच वाया गेली, दुसरीत पू होता, तिसरीत हे दिसून राह्यलं. पण मले वाटते हेच खरं हाये."

"तिकडचे डॉक्टर तं पक्कं म्हन्तात," बाबा म्हणाले. "अन् तुले निस्तं वाटते."

तू वर पाहिलंस ते माझ्याकडे. "कुसुम, इकडे ये. तू पाह्य."

मी वाकून डोळा लावला. मला काळ्या काड्या दिसल्या, फणीच्या दातांसारख्या. मी तसं सांगितलं आणि त्या सकाळी तू पहिल्यांदा हसलास. "ते तुह्या पापण्या हायेत. थोडी मांगं हो." मी मागे झाले आणि मग मला दिसलं. गोल गोल पेशी, मध्ये जांभळ्या रंगाचे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले, आणि बाकीची सगळी पेशी लाल बारीक कणांनी गच्च भरलेली, तिखटाची चिमूट पडावी तशी. एक, तिच्या शेजारी दुसरी, पलीकडे तीन-चार. मग तू ती काच काढून पडशातली लावलीस. तिच्यातही जांभळं होतं, पण तीन-तीन गाठींचं, वेडंवाकडं, आणि लाल कुठेच नव्हतं. पुन्हा आजची लावलीस. पुन्हा लाल. माझ्या नाकातून निघालेलं हे सगळं, आणि मी ते इतकी वर्षं पदरानं पुसून टाकत होते. आपल्या आत काय चाललं आहे ते मला कुणी पहिल्यांदा दाखवलं होतं.

"आता तू ठरव," तू म्हणालास. "तुह्यं नाक हाये. जाचं असंन तं मी सोता येतो अकोल्याले, तुह्यापाशी बसतो. नसंन जाचं तं नको जाऊ."

एस.टी.चा भोंगा पाराकडून ऐकू आला. मी बाबांकडे पाहिलं, पिशवी त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, "बाबा, मी नाही जात."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. टोपी काढून खुंटीला लावली. मागच्या दारानं मळ्यात गेले. तुझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवसापासून तुमचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, पण मला उगाळू दे. कुटार मळ्यातल्या झोपड्यात हललं. माझ्या उशीतला कापूस बदलला. तू दिलेल्या गोळ्यांनी मला एवढी झोप यायची की मी भाकरी थापता थापता पेंगत असे. महिन्याभरात शिंका निम्म्यावर आल्या. बऱ्या झाल्या नाहीत, निम्म्यावर आल्या. पुढच्या वर्षी जानेफळच्या पाहुण्यांसमोर मी दोनदाच शिंकले आणि त्यांनी कप उचलला. आज माझ्या गालाला आतून कुठेही सुरी लागलेली नाही, ही तुझी देणगी आहे, आणि मी ती तुझ्या तोंडावर कधी कबूल केली नाही, कारण तुला चढलं असतं.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. मी म्हणायची, डॉक्टर तू होतास, तूच ठरवायचं होतंस. तू माझ्या तोंडून नाही म्हणवलंस आणि बाबांना दुखवायचं काम माझ्यावर टाकलंस. तू म्हणायचास, "तुह्या नाकाचा मालक मी कसा?" मी म्हणायची, "मालक नसशील, पण भाऊ तं हायेस." यावर तू चष्मा पुसायला घ्यायचास. शिवाय कुटाराशिवाय आणखी काय मला सोसत नाही हा शोध तू सोडला नाहीस. माहेरपणाला आलेल्या बहिणीला साडी द्यायच्या आधी तिचं नाक पुसून घेणारा भाऊ जिल्ह्यात एकटा तूच असशील. नांदुऱ्यात तुला शेंबडाचा डॉक्टर म्हणायचे आणि तू ते मानानं मिरवायचास. पण बाबांचं नाव काढलं की उठून जायचास. बाबा ओसरीवर, तू त्याच ओसरीवर, आणि ते मला म्हणणार, "त्याले म्हन कांदे घेऊन जा." तू मला म्हणणार, "त्याईले म्हन नेतो." मला दोघांनाही धरून आपटावंसं वाटे.

त्या दिवशी तू छातीत कळ आली म्हणून खुर्चीवर बसलास आणि उठला नाहीस. मी जानेफळहून आले तेव्हा वडनेरचं अंगण माणसांनी भरलेलं होतं. बायका मला म्हणत, पुरे बाई, किती रडशील. माझं नाक, डोळे सगळंच वाहत होतं. त्यातलं रडणं किती आणि गंजीची धूळ किती, हे ओळखणारा आडवा झाला होता. बाबा तुझ्या पायाशी बसून होते. रडले नाहीत. मला त्यांचाही राग आला, म्हटलं, आता तरी बोला.

काल ते बोलले. पाहुणे पांगल्यावर मी ओसरीवर गहू निवडत बसले होते. ते भिंतीला टेकून होते. म्हणाले, "कुसुम, तवा त्यानं तुले काचीत काय दाखोलं होतं?"

मी सगळं सांगितलं. पापण्या, जांभळे ठिपके, लाल कण, पडशातल्या काचेतल्या गाठी. ते मध्येच थांबवून विचारत होते. लाल म्हणजे किती लाल? सगळ्या पेशी तशाच का? दुसऱ्या काचेत एकही नव्हती? मी हातांनी आकार दाखवले. त्यांनी मान डोलावली.

"अन् तुले दिसलं ते?"

"हाव, बाबा. चांगलं दिसलं. म्हणून तं मी नाही म्हटलं."

ते अंगणात बघत राहिले. मग म्हणाले, "मंग मले काऊन नाही बलावलं त्यानं? मी दारातच तं होतो."

दादा, माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ते खरंच दारात होते. काच तयार होती, ऊन होतं, एक हाक मारायची होती. तू मला म्हणालास पाह्य आणि मग ठरव. त्यांना आपण नुसतं ऐका म्हटलं. तुला सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. ते रुसले आहेत असं तू समजत राहिलास, मी समजत राहिले, आणि इतकी वर्षं ते बोलावण्याची वाट पाहत होते.